गाडीची ताकद मोठी की चालवणाऱ्याचा हात?



हंगाम आटोपला आणि उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की घरोघरी ठरलेले विषय निघतात. विहिरीचे राहिलेले काम, मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज आणि मोटारसायकल. पोरगं म्हणतं, "घ्यायची तर दणकट घ्यायची, पिकअपवाली." बाप म्हणतो, "साधी घे, हलकी घे, जड गाडी अंगावर येते." आणि पारावर बसलेला एखादा जाणता म्हणतो, "गाडीत काय आहे? चालवणाऱ्याच्या हातात सगळं आहे." तिघांच्या म्हणण्यात थोडे थोडे खरे आहे. पण नेमके किती, हे पैसे मोजण्याआधी समजून घेतलेले बरे. यात पैशापेक्षा मोठी गोष्ट गुंतलेली आहे. म्हणून या अंकात ऊस, खत, पाणी बाजूला ठेवून आम्ही हा पाठ घेतला आहे.

१. ताकद आणि वजन यांचा हिशेब

गाडीची ताकद अश्वशक्तीत सांगतात. पण नुसती अश्वशक्ती सांगून भागत नाही. एक अश्वशक्ती किती किलो ओढते, हे पाहावे लागते. बैलाचे तसेच आहे. जोडी कितीही चांगली असली तरी गाडीत किती टन घातले, यावर चाल ठरते.

स्प्लेंडरसारखी शंभर सीसीची गाडी सुमारे ८ अश्वशक्तीची आणि ११२ किलो वजनाची असते. वर ७० किलोचा माणूस बसला की एका अश्वशक्तीमागे साधारण २३ किलो पडतात. ३५० सीसीची बुलेट सुमारे २० अश्वशक्तीची आणि १९५ किलोची. माणसासह हिशेब केला तर अश्वशक्तीमागे १३ किलो. १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे तयार झालेली आरएक्स १०० सुमारे ११ अश्वशक्तीची, पण वजनाला जेमतेम १०० किलोच्या आसपास. तिचा हिशेब १६ किलोच्या जवळ येतो. इंजिन शंभराचे असूनही ती का उसळायची, हे यावरून ध्यानात यावे. आता त्याच स्प्लेंडरवर तिघे बसवा. एका अश्वशक्तीमागे ४० किलो! मग चढाला ती धापा टाकते, यात तिचा दोष नाही.

ताकदीचा उपयोग नाही असे आम्ही म्हणणार नाही. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने चालला आहे आणि तुम्हाला पुढे जायचे आहे. ट्रॅक्टर व ट्रॉल्या मिळून १८ मीटर लांबी धरा, मागे-पुढे १०-१० मीटर मोकळी जागा धरा. तुम्ही ४० च्या वेगाने ओलांडायला लागलात तर जवळजवळ ७ सेकंद तुम्ही उजव्या बाजूला राहता. तेवढ्या वेळात समोरून ६० ने येणारी जीप ११० मीटरच्या वर पुढे सरकते. तेच तुम्ही ६० ने ओलांडले तर साडेतीन सेकंदांत मोकळे होता. म्हणजे अंगात ताकद असलेली गाडी इथे कामाला येते. पण डबल सीट, मागे पेंडीचे पोते आणि शंभराची गाडी असा संसार असेल, तर हा हिशेब आधी मनात करावा आणि गप मागे राहावे. समोरचा रस्ता स्वच्छ दिसत नसेल तर ताकदवान गाडीनेही तेच करावे.

वजनाबद्दल एक गैरसमज सर्रास आहे. जड गाडी थांबतच नाही, असे लोक म्हणतात. ते सरसकट खरे नाही. वजन वाढते तशी टायरची रस्त्यावरची पकडही वाढते. ब्रेक त्या वजनाच्या मापाचे आणि नीट असतील, तर जड गाडीही हलक्या गाडीइतक्याच अंतरात थांबू शकते. वजनाचा खरा त्रास दुसरीकडे आहे. चिखलात, वाळूत, हळू वळताना, उतारावर गाडी उभी करताना ती झेपत नाही. कलली की सावरत नाही. आणि धडकलीच, तर तेवढाच दणका मोठा. जड गाडी घेणाराच्या पायात आणि मनगटात ती उभी पेलण्याची ताकद हवी, एवढे पाहिले म्हणजे पुरे.

२. शर्यतीच्या मैदानावर काय दिसले

ताकद की हात, हा वाद जगात सर्वात जास्त घासला गेला तो शर्यतीत. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचे बेट आहे. तिथे १९०७ सालापासून मोटारसायकलींची शर्यत होते. तिचा डोंगरातला फेरा सुमारे ६० किलोमीटरचा, नेहमीच्या वाहतुकीच्या रस्त्यावरून, गावागावांतून, भिंतींना घासून जाणारा, आणि त्यात दोनशेहून अधिक वळणे.

या शर्यतींचा एक मोठा गडी माइक हेलवूड. मोटारसायकलीची नऊ जागतिक अजिंक्यपदे त्याच्या नावावर आहेत. १९६७ साली ५०० सीसीच्या गटात त्याच्याकडे होंडाची गाडी होती. ताकदीला ती वरचढ, पण वळणावर ती सरळ राहत नसे, अंग टाकत असे. समोर इटलीचा अगोस्टिनी, एमव्ही कंपनीच्या शिस्तीत वळणाऱ्या गाडीवर. वर्षअखेर दोघांचे विजय पाच-पाच, गुणही सारखे. शेवटी दुसरे क्रमांक कोणाचे जास्त, यावर अगोस्टिनीला पद मिळाले. जगातला पहिल्या प्रतीचा हात आणि वरचढ ताकद एकत्र आली, तरी वळायला नाठाळ गाडीने पद हातचे घालवले.

पुढे अकरा वर्षे हेलवूड त्या बेटावर उतरला नाही. १९७८ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, तो परत आला. या वेळी गाडी डुकाटी होती. प्रतिस्पर्धी होंडा ताकदीला पुढे मानल्या जात होत्या. तरी हेलवूड जिंकला. इथे हात आणि वळणाला धरून राहणारी गाडी यांनी ताकदीवर मात केली.

एवढे वाचून आमचे तरुण मित्र म्हणतील, "झालं तर! हात पक्का असला की बास." त्यांनी थोडे थांबावे. हा हेलवूड मार्च १९८१ मध्ये गेला. शर्यतीत नव्हे. तो घराजवळच्या रस्त्यावर मोटार घेऊन निघाला होता, मुले बरोबर होती. पुढे एका मालट्रकने बंदी असलेल्या जागी मध्येच वळण घेतले आणि मोटार त्यावर आदळली. त्यात तो आणि त्याची लहान मुलगी, दोघे गेले. दोनशे वळणांचा डोंगर ज्याच्या हाताने जिंकला, त्याला घराजवळच्या रस्त्यावर आडव्या आलेल्या वाहनापुढे काही करता आले नाही. आपल्या भागात, तोडणीच्या दिवसांत, आडवी येणारी वाहने किती असतात ते आम्ही सांगायला नको.

३. नऊशे अपघातांनी काय सांगितले

त्याच १९८१ सालच्या जानेवारीत अमेरिकेत एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली. शिवाय पोलिसांच्या ३,६०० अहवालांचा अभ्यास केला. देश परका, रस्ते परके, पण माणसाचा हात सगळीकडे सारखाच. त्यातल्या काही गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट: अपघातातले ९२ टक्के चालक स्वतःच शिकलेले, किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. आपल्याकडेही गाडी शिकवतो तो चुलतभाऊच.

दुसरी: संकट दिसल्यापासून आदळेपर्यंत चालकाला दोन सेकंदांपेक्षा थोडा कमीच वेळ मिळाला होता. एवढ्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक गच्च दाबून चाक घसरवले आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. हुकवून बाजूने काढणे तर जवळजवळ कोणालाच जमले नव्हते.

तिसरी: निम्म्याहून अधिक चालकांना त्या ठराविक गाडीवर बसून पाच महिनेही झाले नव्हते. एकूण गाडी चालवण्याचा अनुभव मात्र सुमारे तीन वर्षांचा होता. नवी गाडी म्हणजे नवा बैल. जुन्या बैलाची सवय नव्याला लागू पडत नाही. बिलाच्या पैशातून आज गाडी घेतली आणि उद्याच लांबच्या लग्नाला रात्री निघाले, हे टाळावे.

चौथी गोष्ट बाप-लेक दोघांनीही ऐकावी. मोठ्या इंजिनाच्या गाड्या अपघातात त्यांच्या संख्येच्या मानाने कमी सापडल्या, पण सापडल्या तेव्हा इजा जास्त गंभीर झाली.

पाचवी: अपघात होण्याआधीचा मधला वेग ताशी सुमारे ४८ किलोमीटर होता. म्हणजे निम्मे अपघात त्याहूनही कमी वेगात झाले. एवढा वेग आपल्याकडच्या कोणत्याही गाडीत असतोच. तेव्हा "आमची साधीच गाडी आहे" म्हणून निर्धास्त राहायला जागा नाही.

सहावी: दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी दोन तृतीयांश वेळा चूक त्या दुसऱ्या वाहनाची होती. त्याने मोटारसायकलीचा हक्काचा रस्ता अडवला होता. या मुद्द्याकडे आम्ही शेवटी वळू, कारण ते दुसरे वाहन पुष्कळदा आपले असते.

४. कसब म्हणजे नेमके काय

कसब म्हणजे एका चाकावर गाडी उचलणे नव्हे. ते दोन सेकंदांत योग्य काम हाताकडून आपोआप होणे आहे.

ब्रेकचेच घ्या. "पुढचा ब्रेक धरला की माणूस तोंडावर पडतो" असे गावोगाव सांगतात, आणि त्यामुळे कित्येक जण पुढच्या ब्रेकला जन्मभर हात लावत नाहीत. पण भरलेली बैलगाडी उतारावर रोखली तर काय होते ते आठवा. सगळा भार पुढे सरकतो आणि जू बैलांच्या मानेवर दाबते. मोटारसायकलीचेही तेच. ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर येतो, मागचे चाक हलके होते. हलक्या चाकाला जमीन धरत नाही, ते घसरते. म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेकच करतो. तोंडावर पडतो तो हिसका मारणारा, हँडल वळलेले असताना धरणारा, किंवा वाळूत, चिखलात धरणारा. पुढचा ब्रेक धार काढताना सड दाबतो तसा दाबावा. आधी हलका, मग वाढता, आणि दोन्ही ब्रेक मिळून, हँडल सरळ ठेवून.

नवीन गाड्यांत याला यंत्राची मदत आली आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी एबीएस ही व्यवस्था, आणि त्याखालील दुचाकींना निदान दोन्ही ब्रेक जोडणारी सीबीएस सक्तीची झाली. चांगली गोष्ट आहे. पण ब्रेक दाबायचा कधी, हे कोणतेच यंत्र ठरवत नाही.

दुसरे कसब नजरेचे. नांगराचे तास सरळ यायला हवे तर बैलाच्या पायाकडे नव्हे, बांधावरच्या खुणेकडे बघावे लागते. गाडीचेही तसेच. खड्ड्याकडे टक लावली की गाडी खड्ड्यातच जाते. नजर जायच्या वाटेवर ठेवावी.

५. आता खरा हिशेब

कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्याचा हा ढोबळ हिशेब आहे. संकट दिसून हात हलायला एक सेकंद धरला आहे. दोन्ही ब्रेक नीट वापरणारा एक आणि फक्त मागचा दाबणारा दुसरा. पूर्ण थांबायला लागणारे अंतर असे येते:

ताशी ४० किमी: दोन्ही ब्रेक २१ मीटर, फक्त मागचा ३२ मीटर.
ताशी ६० किमी: दोन्ही ब्रेक ४० मीटर, फक्त मागचा ६३ मीटर.
ताशी ८० किमी: दोन्ही ब्रेक ६३ मीटर, फक्त मागचा १०४ मीटर.

आता समजा, ४० मीटरवर ट्रॉली आडवी आहे. ६० ने येणारा कसबी गडी तिच्यापाशी थांबतो. त्याच वेगाने येणारा कच्चा गडी ताशी ४० च्या वर वेग असताना तिच्यावर आदळतो. हाताची किंमत एवढी मोठी आहे. दोघांची गाडी एकच होती हे लक्षात घ्या.

पण आता तोच कसबी गडी ८० ने येऊ द्या. चाळीस मीटर संपले तेव्हा त्याचा वेग अजून ताशी ६० आहे. आणि कच्चा गडी ४० ने येत असेल, तर तो ३२ मीटरवरच थांबलेला आहे!

या पाठाचा सारा अर्थ एवढ्यात आहे. गाडीच्या ताकदीपेक्षा आणि वजनापेक्षा हात मोठा. पण हातापेक्षा वेग मोठा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते. कित्येक वर्षे कमावलेले कसब ताशी वीस किलोमीटरच्या वाढीने खाऊन टाकले. ताकदवान गाडीचा धोका हाच, की ती हा वेग न कळत देते. इंजिन घुरघुरत नाही, अंग थरथरत नाही, आणि काटा ८० वर गेलेला असतो. म्हणून वेग किती ठेवायचा, ही अक्कल कसबाचाच पहिला भाग आहे.

६. आपल्या रस्त्यावर

आपल्या भागात वळणावर पुरुषभर उंचीहून मोठा ऊस उभा असतो. पलीकडचे काही दिसत नाही. शिवारातून बैलगाडी किंवा ट्रॅक्टर केव्हा रस्त्यावर येईल, सांगता येत नाही. पावसाळ्यात आणि पाण्याच्या पाळीनंतर ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर पसरतो. हंगामात कांड्या, पाचट, सांडलेली मळी असते. अशा जागी वरचा कोरड्या रस्त्याचा हिशेब धरू नये, अंतर कितीतरी वाढते. रात्री दिव्याच्या उजेडात ट्रॉली ३० मीटरवर दिसणार असेल, तर ४० च्या वर गाडी नेणे म्हणजे डोळे झाकून नेणे.

मागे दुधाचे दोन मोठे कॅन बांधणारांनी एवढे ध्यानात ठेवावे: चाळीस लिटरचे दोन कॅन म्हणजे ८० किलोच्या वर वजन. ते सगळे मागे, म्हणून पुढचे चाक हलके होते आणि हँडल ऐकत नाही. वजन शक्य तितके पुढे आणि खाली बांधावे, टायरची हवा त्या मानाने ठेवावी.

आता ते दुसरे वाहन. आपण सभासद मोटारसायकलवाले आहोत, तसे ट्रॅक्टरवाले आणि बैलगाडीवालेही आहोत. ट्रॉलीला मागे लाल परावर्तक पट्ट्या नाहीत, मागचा दिवा नाही, मोळ्यांची शेंडी हातभर बाहेर लोंबते, पंक्चर झाले म्हणून ट्रॉली रात्रभर रस्त्यातच उभी, आणि भोवती ठेवलेले दगड ट्रॉली गेली तरी तिथेच. अशा वेळी समोरून येणाऱ्या पोराच्या हातात कितीही कसब असले तरी त्याला ते वापरायला दोन सेकंदही मिळत नाहीत. ते पोर कोणा सभासदाचेच असते.

७. सभासदांनी करावयाच्या गोष्टी

(१) गाडी कामाप्रमाणे घ्यावी. दूध, शेत आणि बाजार यांसाठी हलकी पुरते. नेहमी घाट आणि डबल सीट असेल तर जास्त ताकदीची घ्यावी. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतात का, ते पाहावे.

(२) नवी गाडी आली की आठ-पंधरा दिवस गावाबाहेरच्या कोरड्या पटांगणावर सराव करावा. आधी २० ने, मग ३०, मग ४० ने येऊन आखलेल्या रेघेपासून दोन्ही ब्रेकने थांबावे. पावलांनी अंतर मोजावे. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावे.

(३) रेघेजवळ उसाचे कांडे आडवे ठेवून, ब्रेक न लावता हलकेच बाजूने काढण्याचाही सराव करावा. वेगात असताना डाव्या हाताने हँडलची डावी मूठ थोडी पुढे ढकलली की गाडी डावीकडे कलते व वळते. उजवीकडेही तसेच.

(४) अठरा वर्षे पूर्ण होऊन लायसन्स निघाल्याशिवाय मुलाच्या हाती गिअरची गाडी देऊ नये. २०१९ च्या कायदा दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. पोर गेले तर दंडाचा विचार करायलाही कोणी उरत नाही.

(५) हेल्मेट चालवणाऱ्याने घालावे, मागे बसणाऱ्यानेही घालावे, आणि पट्टा लावावा. ट्रिपल सीट बसू नये. दारू घेतली असेल तर चावी घरी द्यावी. हर्ट यांच्या पाहणीत जिवावर बेतलेल्या अपघातांपैकी जवळजवळ निम्म्यांत दारूचा संबंध आढळला होता.

(६) ट्रॅक्टर-ट्रॉली आणि बैलगाडीला मागून व बाजूने परावर्तक पट्ट्या लावल्याशिवाय पहिली खेप भरू नये. बंद पडलेले वाहन रस्त्याच्या कडेला घ्यावे, जाताना दगड उचलावेत.

(७) रस्त्याच्या वळणावर ज्यांचे रान आहे, त्यांनी कोपऱ्यावरच्या चार-दोन सऱ्या ऊस न लावता मोकळ्या ठेवाव्यात किंवा तिथे बुटके पीक घ्यावे. उत्पन्न थोडे घटेल, पण वळणापलीकडचे माणूस दिसेल.

तेव्हा बापाने हलकी म्हणावे की पोराने दणकट, यावर घरात भांडण नको. गाडी कोणतीही आणा. ती दारात आल्यावर पहिला नारळ जरूर फोडा, पण पहिला पेट्रोलचा टाका मात्र पटांगणावर, ब्रेक शिकण्यात खर्च करा.